सातबाऱ्याची तिरकी रेघ आणि शेअर ड्राइव्ह

औरंगाबादच्या नामांतराला केंद्राची मंजुरी मिळाल्याचे 24 फेब्रुवारी 2023 रोजी जाहीर झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्हा आणि महसूल विभाग यांच्या नावांचीही अधिसूचना निघाली. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेड नव्याने छापून आली. एक जागा मात्र कोणाच्या चर्चेत नव्हती. शहरातल्या हजारो संगणकांना जोडलेल्या शेअर ड्राइव्हवर जुन्या नावाची असंख्य फोल्डर होती आणि तीही हळूहळू बदलू लागली. रोमन लिपीत औरंगाबाद हे नाव 10 अक्षरांचे, तर छत्रपती संभाजीनगर मधली जागा धरून 25 अक्षरांचे. म्हणजे एकेका ठिकाणी 15 अक्षरांची भर. विभागाचे फोल्डर, त्यात जिल्ह्याचे, त्यात शहराचे अशी तीन पातळ्यांवर नावे बदलली की फाईलचा पूर्ण पत्ता 45 अक्षरांनी लांबतो.

विंडोजची जुनी मर्यादा 260 अक्षरांची आहे. ड्राइव्हचे अक्षर, प्रत्येक उलटी तिरकी रेघ, फाईलचे नाव आणि शेवटचे न दिसणारे समाप्तीचिन्ह हे सगळे त्यात मोजले जाते. काल 230 अक्षरांत बसणारा पत्ता आज 275 वर गेला, की फाईल यादीत दिसते पण उघडत नाही, कॉपी अर्ध्यावर थांबते, बॅकअप तिला वगळून पुढे जातो. यातला बॅकअपचा प्रकार सर्वांत घातक आहे, कारण तो डिस्क बिघडेपर्यंत कळतच नाही.

या शहराला ही अडचण जास्त जाणवावी अशी त्याची घडण आहे. वाळूजला 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, शेंद्र्याला 2001 मध्ये स्कोडाची जुळणी सुरू झाली आणि त्यांच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची वस्ती वाढली. त्यांच्याकडे ड्रॉइंग असतात, एकेका ड्रॉइंगच्या अनेक सुधारित आवृत्त्या असतात. 1981 पासून इथे उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, म्हणून वकिलांची कार्यालये आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचे विभागीय आयुक्तालय इथेच आहे. सीएंची कार्यालये, छापखाने, रुग्णालये वेगळीच. ‘सर्व्हरवर टाकून ठेव’ हे वाक्य या सगळ्यांच्या तोंडी आहे. तो सर्व्हर बहुतेकदा कोपऱ्यातल्या टेबलावरची एक लहान पेटी असते. तिला एनएएस म्हणतात आणि तिच्या पोटात सहसा लिनक्स असते. विंडोजच्या संगणकांशी ती बोलते ती सांबा नावाच्या प्रोग्रॅममुळे. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने 1992 मध्ये सांबाची सुरुवात केली.

नावांच्या बहुतेक भांडणांचे मूळ या रचनेत आहे. फाईलला दिलेले नाव तीन चौक्यांमधून जाते: ज्या प्रोग्रॅममध्ये ती जतन केली तो प्रोग्रॅम, समोरच्या संगणकाची प्रणाली आणि पलीकडची डिस्क. तिन्हींचे नियम वेगळे. ‘फाईल ओपन होत नाही’ अशी तक्रार आली की आधी पाहायचे ते इतकेच, की नाव कोणत्या चौकीवर अडले. हार्डवेअरवाल्याला बोलावून केबल बदलण्याआधी हा तपास केला तर निम्मी धावपळ वाचते.

सर्वांत साधी चौकी चिन्हांची. विंडोज नावात नऊ चिन्हे चालू देत नाही: / \ : * ? " < > |. इंग्रजी नावांना त्याचा फारसा जाच होत नाही. मराठी कार्यालयात मात्र यातली दोन चिन्हे रोजची आहेत. शेतजमिनीचा सर्वांत महत्त्वाचा कागद 7/12 असा लिहितात. जावक क्रमांक, प्रकरण क्रमांक, तारखा सगळ्यांत तिरकी रेघ येते. विंडोजवर ती टाइप केली तर लगेच नकार मिळतो आणि लिपिक ‘7-12’ किंवा ‘सातबारा’ लिहून मोकळा होतो. एका टेबलावर एक रूप, दुसऱ्यावर दुसरे, एवढेच नुकसान. मॅकवर मात्र फाइंडर ही रेघ स्वीकारतो. डिझाइनरने मॅकवरून शेअर ड्राइव्हवर ‘7/12 उतारा’ अशी फाईल ठेवली की तिरक्या रेघेच्या जागी युनिकोडच्या खासगी वापराच्या क्षेत्रातले एक चिन्ह साठवले जाते. मॅकला ती रेघच दिसते, विंडोजला चौकोन किंवा ठिपका दिसतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून वाद मिटत नाही. सांबामध्ये ‘फ्रूट’ आणि ‘कॅटिया’ नावाचे दोन भाग या देवाणघेवाणीसाठीच आहेत. ते सुरू करून नीट जुळवले तर हा त्रास बराच कमी होतो.

दुसरे चिन्ह अपूर्णविरामाचे. नि:शुल्क, स्वत:, दु:ख हे शब्द टाइप करताना विसर्गाऐवजी कोलन देणारे असंख्य आहेत. कागदावर फरक दिसत नाही, म्हणून ती सवय कोणी मोडत नाही. पण ‘नि:शुल्क आरोग्य शिबिर’ असे नाव एक्सप्लोररमध्ये देता येत नाही. त्याहून वाईट प्रकार एखाद्या स्क्रिप्टमधून किंवा बेफिकीर प्रोग्रॅममधून फाईल जतन होते तेव्हा घडतो. विंडोजच्या एनटीएफएस या डिस्कव्यवस्थेत कोलनचा अर्थ निराळा आहे. त्याच्या पुढचा भाग फाईलला चिकटलेला दुसरा, एरवी न दिसणारा माहितीचा प्रवाह मानला जातो. परिणामी फोल्डरमध्ये ‘नि’ एवढ्याच नावाची, शून्य आकाराची फाईल दिसते आणि सगळा मजकूर तिच्या मागे दडून बसतो. तो नष्ट झालेला नसतो. कमांड विंडोत डीआयआरला आर हा पर्याय जोडला की असे दडलेले प्रवाह दिसतात. ती फाईल रिकामी समजून पुसणाऱ्याचे काम मात्र खरोखरच जाते. उपाय सोपा आहे: विसर्ग हा विसर्गच टाइप करावा. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो वजाच्या कळीवर शिफ्टसह मिळतो.

टिंबाची गोष्ट याहून अवघड, कारण इथे नकारही मिळत नाही. मराठवाड्यात एकाच नावाची दोन गावे शेजारी असली की खुर्द आणि बुद्रुक. लिहिताना ‘खु.’ आणि ‘बु.’. सहकारी संस्थांच्या नावाअखेर ‘मर्या.’, कंपन्यांच्या नावाअखेर ‘प्रा. लि.’. विंडोजमध्ये नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा चालत नाही, पण प्रणाली तसे सांगत नाही. ती टिंब गुपचूप काढून टाकते. हेच फोल्डर कोणी एनएएसच्या ब्राउझरमधल्या फाईल व्यवस्थापकातून तयार केले तर लिनक्स टिंब जसेच्या तसे ठेवते. आता डिस्कवर ‘पिंपळगाव बु’ आणि ‘पिंपळगाव बु.’ अशी दोन फोल्डर आहेत. दुसरे विंडोजवर स्वतःच्या नावाने दिसत नाही. सांबा त्याला नागमोडी चिन्ह असलेले एक छोटे, अनोळखी नाव देऊन दाखवतो. आठ दिवसांनी कोणीतरी ते व्हायरस समजून पुसतो. सीएच्या कार्यालयात प्रत्येक ग्राहकाचे फोल्डर ‘प्रा. लि.’ ने संपत असेल तर हा धोका रोजचा आहे. संक्षेपाचे टिंब नावाच्या शेवटी येऊ द्यायचे नाही, ‘बुद्रुक’ पूर्ण लिहायचे, एवढे पथ्य पुरते.

काही वेळा एकाच फोल्डरमध्ये अगदी सारख्या नावाच्या दोन फाईल दिसतात. पाहणाऱ्याला वाटते संगणक बिघडला. मराठीत याचे एक नेहमीचे कारण ‘ऱ्य’ हे जोडाक्षर आहे. शेतकऱ्यांची यादी, कर्मचाऱ्यांचे वेतन, अधिकाऱ्यांची बैठक: सरकारी फाईलींमध्ये हे जोडाक्षर वारंवार येते. युनिकोडमध्ये ते तीन प्रकारे साठवले जाऊ शकते. एक, ऱ या स्वतंत्र अक्षराने. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता. तीन, जुन्या मजकुरात आढळणारा प्रकार: र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात, पण डिस्कच्या लेखी ती तीन वेगळी नावे आहेत. मॅकची 1998 पासूनची एचएफएस प्लस ही डिस्कव्यवस्था पहिल्या प्रकाराचे आपोआप दुसऱ्यात रूपांतर करत असे. 2017 मध्ये आलेली एपीएफएस ते करत नाही. तरीही जुन्या मॅक डिस्कवरून झिप करून किंवा आरसिंकने आणलेल्या फाईलींत फोडलेला ऱ अजून सापडतो. ‘ॲ’ चे तसेच. 2008 मध्ये युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत हे अक्षर स्वतंत्रपणे आले. त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र देऊन काम भागवत आणि अजूनही बरेच जण तसेच करतात. पहिल्या दोन ‘ऱ’ मधला भेद लिनक्सवरचा कनव्हएमव्ही नावाचा प्रोग्रॅम मिटवू शकतो, कारण युनिकोडच्या नियमांनुसार ती दोन रूपे समान आहेत. ‘ॲ’ ची दोन रूपे आणि अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार त्या नियमात बसत नाहीत. ते शोधून बदलावेच लागतात.

आता लांबीकडे परत. इथे कार्यालयातला माणूस आणि यंत्र यांची मोजणीच जुळत नाही. ‘शेतकऱ्यांच्या पीक विमा दाव्यांची तालुकानिहाय अंतिम यादी’ हे नाव घ्या. मराठी वाचक 23 अक्षरे मोजेल. युनिकोड काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगळे धरतो, त्यामुळे जागांसह 55 होतात. लिनक्सची डिस्क बाइट मोजते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटचा, म्हणून हेच नाव 153 बाइटचे. लिनक्सवर नेहमीची मर्यादा 255 बाइटची, म्हणजे देवनागरीचे 85 घटक. इतकी लांब नावे क्वचितच असतात. पण एनएएसवर फोल्डर कूटबद्ध केले असेल आणि त्यासाठी ई-क्रिप्टएफएस वापरले असेल, तर मर्यादा 143 बाइटवर येते. त्यात देवनागरीचे फक्त 47 घटक बसतात. वरचे नाव तिथे मावणारच नाही. एखाद्या रुग्णालयाने किंवा सीएने ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षिततेसाठी कूटबद्ध फोल्डर सुरू केले आणि दुसऱ्या दिवसापासून मराठी नावाच्या फाईल नाकारल्या जाऊ लागल्या, तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी आहे. दोष भाषेचा नाही आणि नेटवर्कचाही नाही.

विंडोज 10 च्या 2016 सालच्या आवृत्तीपासून 260 ची मर्यादा उठवण्याची सोय आहे. तिच्यावर फार विसंबू नये. प्रोग्रॅमनेही ती मान्य केलेली असावी लागते आणि खुद्द एक्सप्लोरर अजून जुन्या मर्यादेत अडखळतो. अडकलेली फाईल सोडवायला दोन हुकमी मार्ग आहेत. खोलवरच्या फोल्डरलाच वेगळे ड्राइव्ह अक्षर द्यायचे, म्हणजे पत्ता आपोआप आखूड होतो. नाहीतर विंडोजबरोबर येणारा रोबोकॉपी वापरायचा, त्याला लांब पत्ते चालतात.

नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील तर रोख पहिल्या चौकीकडे वळवावा, म्हणजे प्रोग्रॅमकडे. विंडोज 2000 पासून प्रणालीला देवनागरी येते. पण त्याआधीच्या घडणीचे प्रोग्रॅम ज्या ‘अँसी’ कोड पेजांवर चालतात, तसे पेज देवनागरीसाठी कधी नेमलेच गेले नाही. जपानी, चिनी, अरबीला ते होते. म्हणून जुने लेखा प्रोग्रॅम, जुनी यंत्रे चालवणारी सॉफ्टवेअर देवनागरी नाव वाचताना प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह करतात आणि मग प्रश्नचिन्ह असलेली फाईल त्यांना सापडत नाही. झिपचीही तीच कथा. नावे यूटीएफ-8 मध्ये आहेत हे सांगणारी खूण झिपच्या आराखड्यात 2006 मध्ये आली. विंडोज 7 चे अंगभूत झिप देवनागरी नावाची फाईल घ्यायलाच नकार देत असे. छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षे काम झाले. आत देवनागरी दिसे, पण तेच फाईलच्या नावात घातले तर रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा दिसे. त्यातूनच ‘नाव इंग्रजीतच द्या’ ही सवय पडली आणि कारण संपले तरी सवय टिकली.

ती सवय आता नियम म्हणून पुढे केली जाते. हा नियम चुकीचा आहे, कारण रोमन नावे स्वतःचे वेगळे घोटाळे आणतात. फुलंब्री पीएचने लिहायचे की एफने? वैजापूर व्हीने की डब्ल्यूने? वाळूजच्या मध्यात एन घालायचा की नाही? खुलताबाद टीने की डीने? एकाच ड्राइव्हवर सगळी रूपे सापडतात आणि शोध घेणाऱ्याला त्यातले एकच आठवते. शिवाय रोमनमध्ये लहान-मोठी लिपी आहे. लिनक्स तो भेद मानते, विंडोज मानत नाही, त्यामुळे दोन फाईलींपैकी एकच समोर येते. देवनागरीत हा प्रश्नच उद्भवत नाही. डॉसच्या काळापासून राखून ठेवलेली कॉन, ऑक्स, पीआरएन, नल ही नावेसुद्धा रोमनमध्येच त्रास देतात. कारखान्यात ‘ऑक्झिलरी’ यंत्रांसाठी ए-यू-एक्स असे फोल्डर एनएएसवर करून पाहा. विंडोज त्याला हात लावणार नाही.

देवनागरीतही एकवाक्यता आपोआप येत नाही, हे मान्यच करायला हवे. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तरी जुन्या नोंदींमध्ये ‘गांव’ आहे आणि नव्या याद्यांमध्ये ‘गाव’. आकडे कोणी २०२४ लिहितो, कोणी 2024. महिन्यांची नावे वर्णानुक्रमे लावली तर एप्रिलनंतर ऑक्टोबर येतो, मग ऑगस्ट, मग जानेवारी. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी नावाच्या सुरुवातीला आकड्यांत लिहिली की क्रम आपोआप लागतो.

नावाची किंमत किती असते हे मराठवाड्याने अलीकडेच अनुभवले. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकालीन दस्तऐवजांमधून कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू केले. जुने कागद स्कॅन झाले, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवले गेले. त्यातले बरेच मोडीत आणि उर्दूत. मोडीतला स्कॅन केलेला कागद सामान्य संगणकाला वाचता येत नाही. मजकुरात शोध घेता येत नाही. अशा वेळी फाईलचे नाव हाच तिच्यापर्यंत पोहोचण्याचा एकमेव रस्ता उरतो. स्कॅनरने दिलेला नुसता अनुक्रमांक तसाच ठेवला तर आजोबांची नोंद शोधणाऱ्या नातवाला प्रत्येक पान उघडावे लागते. गाव, तालुका, वर्ष आणि दस्तऐवजाचा प्रकार नावात असेल तर तो थेट पोहोचतो. एकाच नावाची गावे अनेक असल्यामुळे गावाच्या नावासोबत त्याचा शासकीय संकेतांक हवा. पंचायत राज मंत्रालयाच्या निर्देशिकेत तो प्रत्येक गावाला दिलेला आहे.

नामांतराच्या प्रश्नावरही उत्तर संकेतांकातच सापडते. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक 515 होता. वाहनांवरचा एमएच 20 हा क्रमांकही नामांतराने बदललेला नाही. उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तिथेही संकेतांकांचा असाच उपयोग आहे. फोल्डरच्या नावात आधी संकेतांक आणि पुढे मराठी नाव ठेवले, तर नाव बदलले तरी क्रम आणि शोध मोडत नाहीत. जुन्या, बंद झालेल्या वर्षांच्या फोल्डरची नावे बदलूच नयेत. नाव बदलले की एक्सेलमधले दुवे तुटतात, ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमध्ये जोडलेली दुसरी ड्रॉइंग सापडत नाहीत, कोरलमधली चित्रे हरवतात. चालू फोल्डरचे नाव बदलायचेच असेल तर सर्व्हरवर जुन्या नावाचे जंक्शन ठेवावे, म्हणजे जुना पत्ताही नव्या जागी पोहोचतो. मोठ्या कार्यालयांसाठी विंडोज सर्व्हरमधली डीएफएस ही सोय अधिक चांगली. तिच्यात वापरणाऱ्याला दिसणारा पत्ता आणि फाईलची खरी जागा वेगळी राहते.

एक गोष्ट अनेकदा नजरेआड होते. देवनागरी नावाच्या फाईलचा दुवा ईमेलने पाठवला की प्रत्येक घटकाचे नऊ चिन्हांत रूपांतर होऊ शकते. ‘छत्रपती संभाजीनगर’ एवढ्याचेच 147 होतात आणि दुवा ओळीच्या मध्ये तुटतो. अशा वेळी दुव्याऐवजी संकेतांक कळवणे शहाणपणाचे.

सामूहिक दुरुस्ती करायची तर आधी पूर्ण बॅकअप, मग सगळ्या नावांची यादी एका एक्सेलमध्ये, त्यात लांबी आणि शेवटची चिन्हे तपासणे आणि मगच पॉवरटॉइजमधल्या पॉवररिनेमसारख्या साधनाने बदल. तोही कामाची वेळ संपल्यावर, कोणाचीही फाईल उघडी नसताना. सुरुवात एका विभागाच्या एका फोल्डरपासून करावी.

1964 च्या राजभाषा अधिनियमापासून राज्याचा कारभार मराठीत करण्याचे धोरण आहे. कागदावरची मराठी फाईलच्या नावापर्यंत येताना यंत्राच्या भीतीने गळून पडू नये. राज्यात लाखो लोक एमएस-सीआयटीच्या वर्गांतून संगणक शिकतात आणि वाळूज-चिकलठाण्यातले तरुण टूलरूममध्ये ड्रॉइंगचे काम शिकतात. या दोन्ही ठिकाणी फाईलला नाव देण्याचा धडा सातबारा, विसर्ग, ‘बु.’ आणि ‘शेतकऱ्यांची यादी’ याच उदाहरणांसह शिकवला जावा. कार्यालयप्रमुखांनीही ‘नावे इंग्रजीतच द्या’ असा आदेश काढण्याआधी आपल्या ड्राइव्हवरच्या न उघडणाऱ्या दहा फाईल तपासून पाहाव्यात आणि मगच नियम लिहावा.